दिनकरची हळू आवाजाची रायफल

दिनकर सबनीस आवाजाच्या बाबतीत भलताच सोवळा. घरात मिक्सर लावायचा तर खाली जाड टॉवेल. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ताशा तापायला लागला की हा मोबाइलवर डेसिबल मोजत पुढे येणार. त्यावरून माझी आणि त्याची दोनदा जुंपली आहे. पण माणसाचा धंदाच तो. इथे जर्मनीत, हॅनोव्हरजवळच्या एका कंपनीत गाड्यांचे सायलेन्सर डिझाइन करतो. मूळचा कराडचा. बायको शमिका, मुलगी स्वराली आठ वर्षांची. राहायला शहराबाहेरच्या एका खेड्यात.

असा माणूस बंदुकीच्या नादी लागला, याचं मला पहिल्यांदा हसूच आलं. पण जर्मन खेड्यातला नेमबाजीचा क्लब म्हणजे आपल्याकडची तालीम. गावात मिसळायचं तर तिथे जायलाच हवं. दिनकर गेला आणि रमला. परीक्षा दिली, क्लबचे अध्यक्ष हेर ब्रांडेस यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, तेव्हा कुठे त्याला स्वतःची रायफल मिळाली. लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, कागदी निशाणावर मारायची. ब्रांडेस सत्तरीचे, कमी बोलणारे. उगाच कुणासाठी शब्द टाकणारे नव्हेत. दिनकरला त्याचा केवढा अभिमान! मला तर तीन वेळा सांगून झालं होतं.

क्लबच्या रेंजला लागून फ्राउ ओएल्मान नावाच्या बाईंचं घर. बाई आवाजाला कंटाळल्या होत्या, तक्रारींवर तक्रारी चालल्या होत्या. क्लबातले लोक दिनकरला म्हणायचे, "तू सायलेन्सरवाला ना? मग बनव की एखादा." यावर हा लालबुंद व्हायचा. बंदुकीच्या नळीला सायलेन्सर लावायची मुभा इथे शिकाऱ्यांना आहे, खेळणाऱ्यांना नाही. आणि घरी बनवणं म्हणजे सरळ गुन्हा. "विषय संपला," म्हणायचा.

मग त्यानं दुसरी वाट काढली. कडाड असा जो आवाज येतो, तो गोळी आवाजाच्या वेगाला मागे टाकते म्हणून. क्लबातली जुनी मंडळी वेगवान काडतुसं उडवायची. दिनकरनं त्यांना त्याहून संथ काडतुसं वापरायला लावली, सबसॉनिक म्हणतात ती. कायद्यात बसणारी, दुकानात मिळणारी. कडाड गेला, उरला नुसता टप्प असा आवाज. फ्राउ ओएल्मान प्लमचा केक घेऊन क्लबात आल्या. दिनकरला आभाळ ठेंगणं झालं.

त्यानंतर त्यानं आम्हाला जे काही पिडलंय! ज्याला त्याला ऐकवायचं, "अरे, स्टेपलरएवढाही आवाज नाही." रविवारी स्वरालीला कानांवर मफ लावून रेंजवर बघायला न्यायचा आणि तिलाही हेच सांगायचा. शमिका एकदा म्हणाली, "पोरीला कशाला नेतोस रे तिथे?" तर म्हणाला, "घाबरू नये म्हणून. बाऊ करायचा नाही उगाच."

यंदा दसऱ्याला त्यानं आम्हा तीन कुटुंबांना जेवायला बोलावलं. शस्त्रपूजा करायची म्हणून पाट मांडला. इंजिनिअर माणूस, आपल्या धंद्याचं हत्यारही पुजणारच. ऑफिसातून आणलेला मोपेडचा छोटा सायलेन्सर पाटावर ठेवला. शेजारी तिजोरीतून काढलेली रायफल. रिकामी होती, काडतुसं तिजोरीतच होती, हे खरं. झेंडू घातले, आरती झाली, मीही नमस्कार केला. मग पुऱ्या गरम आहेत म्हणून आम्ही सगळे स्वयंपाकघरात पानांवर बसलो. पाट बाहेरच्या खोलीत तसाच. मध्येच शमिका घाईत दारातूनच फोटो काढून आली. रात्री दिनकरनं तो फोटो व्हॉट्सॅपच्या स्टेटसला लावला, खाली जर्मनमध्ये सणाची माहिती लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रांडेसांचा फोन. क्लबातल्या कुणीतरी त्यांना फोटो दाखवला होता. फोटोत सायलेन्सर नेमका नळीच्या तोंडाशी टेकलेला. दिनकरनं बंदुकीला सायलेन्सर बनवला, अशी क्लबात कुजबुज. "रविवारी कॉफीला येतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिनकर भडकला. मी त्याहून जास्त भडकलो. यांना आपले सण कळत नाहीत, वर संशय घेतात! परवाना जायची भीती होतीच, पण त्याच्या जिवाला लागलं ते वेगळंच. "ज्यांनी शब्द टाकला त्यांनाच मी चोर वाटतो," म्हणत राहिला. रविवारी मी भांडायच्या तयारीनंच त्याच्याकडे गेलो.

ब्रांडेस आले, बसले. दिनकरनं सायलेन्सर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि चक्क हसले. "मोपेडचा. मला तेव्हाच वाटलं होतं." माझी सगळी तयारी फुकट गेली. मी केकचा तुकडा उचलला.

मग त्यांनी मोबाइलवर फोटो मोठा केला आणि आमच्यापुढे धरला. "बरं, हे बोट कुणाचं?"

फोटोच्या कडेला, नळीवर, कुंकू लावणारं एक इवलंसं बोट होतं. आम्ही फोटो कितीदा पाहिला होता! मी पाहिला, दिनकरनं पाहिला. आमचं लक्ष सगळं सायलेन्सरवर.

"दिनकर, तेव्हा तू कुठे होतास?"

"स्वयंपाकघरात," दिनकर म्हणाला. त्याची मान खाली गेली. मीही तिथेच होतो, पुऱ्या खात. घरात तेव्हा चार पोरं हिंडत होती, त्यात एक माझं. भांडायला आलेला मी, मला तोंड लपवायला जागा सापडेना.

स्वराली गालिच्यावर चित्र रंगवत बसली होती. ब्रांडेसांनी तिला हळूच जर्मनमध्ये विचारलं, "बंदुकीला हात लावताना तुला भीती नाही वाटली?"

तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं, पाठ केलेलं उत्तर बरोबर येणार अशा खुशीत. तीही जर्मनमध्येच म्हणाली, "भीती कसली? पापा म्हणतो, ती अगदी हळू आवाजाची आहे. स्टेपलरसारखी."

शमिका उठून आत गेली. दिनकरचा चेहरा मला बघवेना. माणूस शरमेनं इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. ब्रांडेस त्याला रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी फक्त मोबाइल खिशात ठेवला.

"हेर ब्रांडेस," दिनकर शेवटी म्हणाला, "रायफल आजच घेऊन जा. मी उद्या परवान्याच्या कचेरीत जाऊन स्वतः सांगतो. परवानाही परत करतो."

त्यांनी नको म्हटलं नाही.

दिनकरनं तिजोरी उघडून रायफल बाहेर काढली. पेटीत ठेवता ठेवता थांबला. नळीवर कुंकवाचा ठसा तसाच होता, स्वरालीच्या बोटाएवढा. तो खिशातल्या रुमालानं पुसायला लागला. ब्रांडेस म्हणाले, राहू दे. तरी हा आपला पुसतोच आहे. स्वराली उठून त्याच्याजवळ गेली आणि विचारायला लागली, पापा, तू रडतोस का?