देवानंदने पाडलेली पेनी

अकोल्याच्या जठारपेठेत देवानंद ठसे कोरायचा. खंडोबाचे, भवानीचे चांदीचे टाक त्याच्या ठशांवर निघत आणि वऱ्हाडातल्या कितीतरी देवघरांत जात.

एकदा अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या भावना मॅडमने त्याला फोटो आणून दिले. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एथेलरेड राजाने पाडलेली चांदीची पेनी. एक ठसा ठोकळ्यात रोवायचा, वर चांदीची पातळ चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव, झालं नाणं. प्रदर्शनासाठी तशा नकला हव्या होत्या. "पण प्रत्येकावर नकलेची खूण मारायची बरं," मॅडमने बजावलं.

देवानंदने नकला पाडल्या, खुणा मारल्या. एक मात्र अशी उतरली, की हातच थांबला. राजाचे उभे केस, मागच्या बाजूचा लांब क्रूस, कडेला गेलेली बारीक चीर. खूण मारून ती नासवावीशी वाटेना. धुरावर धरून त्याने ती काळवंडवली आणि गल्ल्यात ठेवून दिली.

जुन्या वस्तू विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या ती नजरेस पडली. "वा उस्ताद! खरीच वाटते. दे मले, शोकेसमध्ये ठेवतो."

हा माणूस शोकेससाठी काही नेत नसतो, हे देवानंदला पक्कं ठाऊक होतं. पण 'उस्ताद' गोड लागलं आणि त्याने ती देऊन टाकली.

दिवाळीनंतर दर्यापूरचे वामनराव टाक उजळायला आले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, जुन्या नाण्यांचे वेडे. त्यांनी रुमालाची घडी उलगडली. "पाय देवानंद, इंग्लंडच्या राजाचं नानं! लय वर्सं शोधून राहिलो होतो, आता भेटलं."

देवानंदने ते हातात घेण्याआधीच ओळखलं. "मस्त आहे काकाजी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्यानंतर भवानीचा डोळा कोरताना हात घसरला, ठसा वाया गेला. शेवटी एका रविवारी तो जीपमध्ये बसून दर्यापूरला गेला.

वामनरावांच्या पत्नी जयवंताबाईंनी चहा ठेवला. देवानंदने कप बाजूला सारला. मग एका दमात म्हणाला, "काकाजी, ते नानं मी पाडलं. नकलेची खून माराले पायजे होती. मारली नाई."

वामनराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटातून नाण्यांचा ट्रे काढून त्याच्यापुढे ठेवला. "आता यातलं खरं कोनतं?"

देवानंदने एकेक नाणं उजेडात धरलं. "बाकी सारे खरेच वाटतात, काकाजी."

"तुह्या सांगन्यावर भरोसा ठेवू?"

देवानंदने ट्रे मागे सारला. खोटी पेनी खिशात घालून तो परतला. जयवंताबाईंकडून पुढे कळलं, की वामनराव ट्रे उघडतच नाहीत. सारंच खोटं वाटतं म्हणतात.

तेव्हा देवानंद अमरावतीला गेला आणि भावना मॅडमला सगळं सांगितलं. मॅडम आधी खूप रागावल्या. मग त्या स्वतः दर्यापूरला गेल्या, दिवसभर बसून त्यांनी प्रत्येक नाणं तपासलं. सारी खरी निघाली. ट्रे पुन्हा टेबलावर आला.

वामनराव मात्र आता टाक दुसऱ्या दुकानात उजळून घेतात. कधी जठारपेठेत दिसले, की देवानंद मान खाली घालतो आणि कानस उगाच चालवत राहतो.