शिवणबाईंची गलबतं

शिवणबाईंच्या दारावर थाप मारली की आतून आवाज यायचा, "कोण?" "मी" म्हटलं की, "मी कोण?" नाव सांगितलं तरी, "एकटीच आहेस ना?" एवढं झाल्यावर कडी निघायची आणि दार एका डोळ्यापुरतं उघडायचं. मुरबाडच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्यावर मी त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिले काही दिवस मला वाटलं, या बाईंच्या घरात मोठं घबाड असणार.

तसं ते होतंही. शिवणाच्या मशीनमागे एका फळीवर, जुन्या धोतराखाली पाच लाकडी गलबतं होती. काही मचवे, काही पडाव, पण सगळ्यांना त्या गलबतंच म्हणायच्या. सुकाणू, दोरखंड, डोलकाठी, शिवलेली शिडं, सगळं जिथल्या तिथं. "खऱ्याचा एक हात म्हणजे ह्यातलं एक बोट," असं त्या कौतुकानं सांगायच्या, पण हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांचे यजमान अलिबागेकडचे, मचवा चालवणारे तांडेल. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवले की ते घरी बसून ही गलबतं कोरायचे. एका वर्षी दसऱ्यानंतर ते माल घेऊन निघाले, ते आलेच नाहीत. माणूस सापडला नाही, मचव्याची फळीसुद्धा नाही. तेव्हा शिवणबाई शहापूरला भावाकडे आल्या आणि त्याला म्हणाल्या, "जिथनं पाणी दिसणार नाय अशा गावात मला ठेव." शिवण शिकून त्या मुरबाडला शिवणवर्ग घेऊ लागल्या.

भीती मात्र त्यांच्याबरोबर आली होती. वारा वाढला की त्यांचं मशीन थांबायचं. उघडी कात्री दिसली की अंगावर काटा यायचा. मला शाळेतून यायला उशीर झाला तर त्या ओट्यावर उभ्या असायच्या आणि मी दिसले की रागावून आत निघून जायच्या. "तुझ्यासाठी नाय उभी राहिले, हवा खात होते," म्हणायच्या.

एक दिवस शाळेत माझा वर्ग चालू असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. पदराआड एक गलबत होतं. उंदरानं त्याच्या पोटात बीळ केलं होतं, शीड कुरतडून आत गादी केली होती. "हे गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. "आता उरलेली चार पण जातील गो." यजमानांच्या हातचं दुसरं काहीच त्यांच्याजवळ नव्हतं. फोटोसुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही काचेचं कपाट शोधू लागलो. शहापूरच्या बाजारात एक सुंदर कपाट होतं, पण भाव ऐकून शिवणबाई दोन पावलं मागेच सरल्या. धसईच्या किराणा दुकानदारानं बिस्किटांचे काचेच्या झाकणाचे रिकामे डबे दिले, तर डोलकाठी झाकणाला लागायची. शेवटी आमच्या गल्लीतला सुतार म्हणाला, "काच तुमी आणा, चौकट मी ठोकून देतो." आम्ही शहापूरहून काच घेतली. एसटीत त्यांनी ती चादरीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखी मांडीवर उभी धरली होती. वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली आणि चादरीच्या आत बारीकसा आवाज झाला. मुरबाड येईपर्यंत त्यांनी चादर उघडून पाहिली नाही.

मग कुणीतरी म्हसाच्या बैलबाजाराच्या जत्रेचं सुचवलं. मिठाईवाले काचेच्या पेट्या घेऊन येतात, जत्रा उठताना जुनी पेटी परत न्यायचा कंटाळा करतात, ती स्वस्तात मिळेल. शिवणबाईंना गर्दीची भीती, बैलांची भीती, हरवण्याची भीती. तरी त्या आल्या. वाटभर माझ्या दंडावर त्यांची बोटं रुतलेली होती.

पेटी मिळाली. लाकडी चौकट, तीन बाजूंना काच, मागे सरकतं दार, आत पेढ्यांचा वास. डोलकाठ्यांना पुरेल एवढी उंच. मिठाईवाल्यानं ती रिकामी करून फळकुटावर ठेवली, शिवणबाईंनी दोन्ही हातांनी धरली, आणि बैलबाजाराकडून ओरडा आला. "सुटला! पला रे पला!"

एक पांढरा खोंड तुटलेला दोर ओढत दुकानांच्या गल्लीत घुसला होता. परातींचा खणखणाट, पोरांच्या किंकाळ्या. मिठाईवाला पळाला. मी कशी कोण जाणे, शेजारच्या बैलगाडीवर चढले आणि तिथून ओरडू लागले, "शिवणबाई, सोडा ती! इकडे या!" त्या जागच्या हलल्या नाहीत. पेटी पोटाशी धरून त्या वाटेत उभ्या होत्या आणि खोंड सरळ त्यांच्यावर चालून येत होता. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा खोंड त्यांच्यापासून हातभर अंतरावर फुरफुरत होता आणि त्याचा तरणा मालक वेसणीला लोंबकळत होता. "बाई, तुमी हाललात नाय म्हून तो थबाकला," तो धापा टाकत म्हणाला. "पलला असता तर मागं लागला असता."

भोवती माणसं जमली. काय धीराची बाई, म्हणू लागली. मिठाईवाल्यानं तर द्याल त्या पैशांत पेटी दिली. परतीच्या गाडीत शिवणबाई हळूच म्हणाल्या, "धीर कसला गो. पाय उचलत नव्हते. पेटी सोडायची होती, पण बोटं उघडतच नव्हती." पुढे कुणी जत्रेतल्या धैर्याची गोष्ट काढली की त्या हेच सांगायच्या. घाबरलेल्या बाईला शूर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही.

चार गलबतं काचेत गेली. वाटलं होतं, आता बाई निवांत झोपतील. त्यांनी काचेची भीती बाळगायला सुरुवात केली.

काही वर्षांनी त्यांचे दीर आले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मुलाची गलबतं एकदा बघायची आहेत म्हणत होत्या. समुद्राचं नाव काढताच ज्या कानांवर हात ठेवायच्या, त्या शिवणबाई दोन दिवसांनी म्हणाल्या, "जाते. ह्यांची वाट बघणारं आता ती नि मी, दोघीच उरलो." एसटीच्या लांब रस्त्यात काच टिकणार नाही, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं जायचं त्यांनीच ठरवलं. दीर पुढे गेले. पेटी सांभाळायला मी बरोबर निघाले.

लाँच सुटली तशी त्यांनी डोळे गच्च मिटले. पेटी आमच्या दोघींच्या मधे. लाट आली की त्यांची नखं माझ्या तळहातात घुसायची. "किती राहिलं?" त्या विचारायच्या. मी म्हणायचे, "आलंच." मलाही पोहता येत नव्हतं आणि चारी बाजूंना फक्त पाणी होतं.

मधेच एक मचवा अगदी जवळून गेला. शीड फडफडल्याचा आवाज झाला आणि शिवणबाईंनी डोळे उघडले. मचव्याकडे पाहिलं, मग काचेतल्या मचव्याकडे, मग पुन्हा बाहेर.

"ह्यांनी शीड लहान केलंय गो," त्या म्हणाल्या. "केवढं लहान केलंय!" आणि हसल्या. मचवा दूर जाईपर्यंत त्या मान वळवून बघत राहिल्या. किती राहिलं, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

रेवसच्या धक्क्यावर दीर उभे होते. पेटी त्यांच्या हाती सुखरूप दिली. मला त्याच लाँचनं परतायचं होतं. ते ध्यानात येताच शिवणबाईंचा चेहरा पुन्हा पांढरा पडला.

"तू एकटी जायची? ह्या पाण्यातनं?"

"तासाभराचं तर काम आहे, शिवणबाई."

त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. दिरांनी समजावलं, खलाशानं हाक मारली, तेव्हा कुठं सोडलं. लाँच निघाली. मी मागे वळून पाहिलं तर त्या धक्क्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर उतरून आल्या होत्या. भरतीचं पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत चढलं होतं, लुगड्याची किनार भिजत होती. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या लाँचकडे बघत होत्या.