गाडीत राहिलेली बाटली

मामांनी बरणीच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि समाधानाने मान डोलवायची. टायर ठोकून हवा बघणारे जुने ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील, अगदी तसंच. बरणीत असायचा आंबवलेला चहा. त्यातून कानाला काय कळतं, असं मी मामांना, म्हणजे आख्ख्या गल्लीच्या मामांना, एकदा विचारलं. ते म्हणाले, "काय बी कळत नाय, मॅडम. पण विचारपूस केलेली बरी. वस्तू चालू हालतीत पाहिजे."

हे 'चालू हालतीत' सतत त्यांच्या तोंडी असायचं. छत्री, गुडघा, गल्लीतला दिवा, शेजाऱ्यांचा संसार, सगळंच चालू हालतीत पाहिजे. अपवाद एकच, त्यांची स्वतःची अँबेसेडर. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं घर होतं आणि घरापुढे ती गाडी चार विटांवर उभी होती. तिच्याबद्दल कोणी काही बोललेलं त्यांना खपत नसे.

मामांनी तीस वर्षं टुरिस्ट टॅक्सी चालवली. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा, वाटेत सिल्लोडला चहा. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि मी जवळच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते. मी विज्ञान शिकवत होते हे लक्षात ठेवा, पुढे माझी शोभा होणार आहे.

त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी असायची. पॅसेंजर गाडीत जे जे विसरून गेले ते सगळं त्या पेटीत. चष्मे, टोप्या, एक घडीची काठी, लहान मुलाचा एकच बूट. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, कोण होते, कुठून कुठे गेले, दिसायला कसे होते. हॉटेलवाल्यांमार्फत निरोप पाठवून पाठवून त्यांनी बऱ्याच वस्तू परत केल्या होत्या. उरलेल्यांचे मालकही येतील याबद्दल त्यांना शंका नव्हती. "अमानत हाय," म्हणायचे. "आपली असती तर कवाच टाकून दिली असती."

त्या पेटीत ठेवता न येणारी वस्तू म्हणजे ही बरणी. मुळात ती बाटली होती. कुठल्याशा देशातली एक म्हातारी बाई अजिंठ्याहून थेट विमानतळावर उतरली आणि मागच्या सीटवर रुंद तोंडाची बाटली विसरून गेली. वर फडकं बांधलेलं, आत तपकिरी पाणी आणि त्यावर सायीसारखा जाड पापुद्रा. वासावरून मामांना वाटलं, काहीतरी नासलंय. हॉटेलवाल्यांनी तर ती ठेवून घ्यायलाच नकार दिला. पण दुसऱ्याची वस्तू फेकायची कशी? पुढच्या आठवड्यात गाडीत बसलेल्या एका परदेशी जोडप्याला त्यांनी बाटली दाखवली. ती दोघं हरखून गेली. हातवारे करून आणि सोप्या इंग्रजीत त्यांनी समजावलं की हे जिवंत आहे, याला साखर घातलेला चहा लागतो, आणि आठ-दहा दिवसांनी तो दिला नाही तर हे उपाशी राहील.

"म्हंजी बघा," मामा सांगायचे, "चष्मा पेटीत टाकला की झालं. हिला तर घरच्या माणसावानी खाऊ घालावं लागणार."

आणि त्यांनी घातलं. मी ती बरणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा या गोष्टीला वीसेक वर्षं झाली होती. बाटलीची बरणी झाली होती, पुठ्ठा मात्र तोच होता. 'म्हातारी बाई, निळी पिशवी, अजिंठा ते विमानतळ. परत येते म्हणाली.' निरोप घेताना सगळेच पाहुणे तसं म्हणतात, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

याला कोंबुचा म्हणतात हे मला फार उशिरा, भाचीकडून कळलं. गल्लीत सगळे 'बाईंचा चहा' म्हणायचे. आठवड्याला बरणीभर तयार झाला की तो कोणीतरी प्यायला हवाच. मामा तो आलं घालून, थंड करून वाटायचे. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी उन्हातून आलेल्यांच्या हातात पेले द्यायचे. कुलकर्णी काकूंनी पहिला पेला हुंगून "यात दारू नाही ना?" असं विचारलं, तेव्हा मामा दुखावले. तीस वर्षं ज्याच्या हातात स्टेअरिंग होतं त्याला हे विचारता, असं म्हणाले आणि पेला परत घ्यायला हात पुढे केला. काकूंनी तो दिला नाही. उलट थोड्या वेळाने दुसरा मागितला.

मामांची खरी काळजी निराळी होती. बरणी एकच, आणि तिला काही झालं तर? म्हणून त्यांनी गल्लीत तीन स्टेपन्या, म्हणजे जादा बरण्या, ठेवायचं ठरवलं. एक माझ्याकडे, एक कपडे शिवणाऱ्या नसरीनभाभींकडे, एक कुलकर्णी काकूंकडे. आधी ते प्रत्येकीचं स्वयंपाकघर बघून गेले, मुलगी द्यायच्या आधी घर बघतात तसे. ऊन कुठून येतं, लोणच्याची बरणी किती लांब आहे, तेलाचा हात लागेल का. माझा ओटा त्यांनी नापास केला आणि माठाशेजारचा गार कोपरा पास केला. मग सूचना सुरू झाल्या. भांडं काचेचं. झाकण नाही, सुती फडकं आणि वर रबर. चहा पुरता निवल्याशिवाय ओतायचा नाही. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातल्या औषधाचा वास उडतो. आणि दर खेपेला जुन्या आंबट पाण्यातलं पेलाभर मागे ठेवायचं.

"लोकं वरच्या चकतीला जपतेत," ते म्हणाले. "ती बॉनेट हाय, मॅडम. इंजिन खाली पाण्यात असतंय."

माझे विद्यार्थी माझ्यापुढे हलवतात तशी मी मान हलवली. पहिल्याच खेपेला चहा काढायला उशीर झाला आणि तो इतका आंबट झाला की पिववेना. टाकवेनाही. पेलाभर बरणीत ठेवला, उरलेला सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला सारला आणि विसरून गेले.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. शहर मात्र चारही बाजूंनी वाढत होतं. चितेगावच्या रस्त्याने जाताना नव्या इमारतींच्या पाट्यांवर कारंजी रंगवलेली दिसायची आणि त्याच रस्त्याने टँकर धावत असायचे. आमच्या गल्लीतला टँकरवाला पाण्यात ओंजळीने ब्लीचिंग पावडर टाकायचा. एका सकाळी शाळेची घाई होती, चहा निवायला वेळ नव्हता. मी थोड्या पाण्यात कडक चहा केला, त्यात टँकरचं गार पाणी ओतलं आणि ते सगळं बरणीत घातलं. त्याच दिवशी दुसऱ्या तासाला ब्लीचिंग पावडरने जंतू कसे मरतात हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं.

पुढे काय झालं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. आठवडा गेला तरी चहा गोडच राहिला. मग त्यावर बुरशी आली. सगळं मोरीत ओतलं आणि शनिवारी संध्याकाळी गुपचूप नसरीनभाभींकडे जाऊन त्यांच्यातला तुकडा आणि पेलाभर पाणी मागून आणलं. रविवारी मामा तपासणीला आले. टकटक केली, कान लावला, मान डोलवली. "चालू हालतीत हाय." मी हो म्हटलं. एका ओळीचं खोटं होतं, पण पुढे वर्षभर दर रविवारी ते मला पुन्हा बोलावं लागलं.

मग तो उन्हाळा आला. सिल्लोडला बहीण आजारी पडली म्हणून मामा तिकडे गेले आणि तीन आठवडे अडकले. घर बंद, पत्रा तापून तवा झालेला. परत आले त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून बरणी दाखवली. पापुद्र्यावर कोरडी, हिरवी-काळी लव आली होती. मी म्हटलं, वरचं काढून टाकलं तर? त्यांनी नकार दिला. बुरशी धरली की सगळंच फेकायचं, खालचं पाणीसुद्धा. त्यांनी ते गाडीच्या चाकाच्या जागेवर ओतलं, बरणी उकळत्या पाण्याने धुतली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चला मॅडम, स्टेपनी काढा."

तेव्हा मात्र मला खरं सांगावं लागलं. माझी त्यांनी दिलेली नाही, भाभींची आहे. ते चपला घालून भाभींकडे निघाले. मीही मागोमाग गेले. भाभींनी मशीन थांबवलं आणि पदराशी चाळा करत सांगितलं की त्यांच्या नवऱ्याने ती साफसफाईत स्टीलच्या डब्यात ओतून झाकण घट्ट लावलं होतं, ती कधीच गेली. आत्ताची, मला दिली तीही, काकूंकडून आणलेली. आम्ही तिघं काकूंकडे गेलो. काकूंचा चेहरा बघूनच मला कळलं. दोन दिवाळ्यांमागच्या आवराआवरीत सुनेने त्यांची बरणी नासकी समजून ओतून दिली होती, आणि मामा रागावतील म्हणून काकूंनी मुलाकडून फोनवर बंगळुरूची पाकिटातली मागवली होती. गल्लीत आता जे काही होतं ते सगळं बंगळुरूचं होतं.

काकू म्हणाल्या की चवीला तर काहीच फरक नाही.

मामा पायरीवर बसले. "चवीला नसंल, काकू. पण ती बाई आली तर मी तिला दुसऱ्याची वस्तू देऊ का?"

त्या माणसाला असं खांदे टाकून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच ते बॉनेट आणि इंजिन आठवलं. मी धावत घरी गेले. फ्रिजमध्ये मागे, जुन्या मसाल्याच्या डब्यांआड, ती सरबताची बाटली होती. पहिल्या खेपेची, टँकरच्या पाण्याआधीची.

मामांनी ती उजेडात धरली. तळाशी तपकिरी धागे होते. नखाने दोनदा टकटक केली. "ही बाईंचीच," एवढंच म्हणाले.

मग चांगल्या पाण्याची शोधाशोध सुरू झाली. भाभींनी दोन बाटल्या नळाचं साठवलेलं पाणी आणलं. काकूंनी देवघरातलं गंगाजल आणलं, पण ते तांब्याच्या भांड्यात होतं आणि धातू चालत नाही म्हणून मामांनी हात जोडून परत पाठवलं. बरणी माझ्या माठाशेजारी, ओल्या वाळूच्या परातीत ठेवली. मामा दिवसातून तीनदा येऊ लागले. दहा दिवस काही दिसलं नाही. अकराव्या दिवशीही नाही. चौदाव्या दिवशी भाभी ब्लाउजचं माप घ्यायला आल्या आणि सहज फडकं उचलून म्हणाल्या, "मामू, देखो तो. जम रई."

दुधावर पहिली साय धरते तेवढाच पातळ पडदा होता. मामांनी सदऱ्याने डोळे पुसले. मग लगेच मला सांगितलं की यापुढे तपासणी रविवारी आणि बुधवारी होईल.

पुढे पाऊस बरा झाला. मामांच्या घराची जागा बिल्डरने घेतली आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. पेटी टेम्पोत चढली, अँबेसेडर भंगारवाल्याने ओढून नेली, तेव्हा मामा तिकडे पाठ करून उभे होते. बरणी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. मी म्हटलं, पुण्याला न्या की. तिकडे पाणी चांगलं, हवा गार.

"बाई हितं येणार, मॅडम," ते म्हणाले. "पुण्यात कशाला येईल ती?"

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. तब्येत, पाऊस, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं झालं की फोन बरणीजवळ न्यायला सांगायचे. मी नखाने दोनदा टकटक करायचे. पलीकडून "बरं हाय." एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी त्यांच्या मुलाचा आला. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं, आणि नेमकं रविवारीच जास्त वाटतं.

त्यांच्या घराच्या जागी आता सात मजली इमारत आहे. तिथला वॉचमन सारखा बदलतो आणि प्रत्येक नव्या माणसाला मी एकदा जाऊन सांगून येते. मागच्या महिन्यात आलेले गृहस्थ सिल्लोडकडचे आहेत. एखादी म्हातारी परदेशी बाई इथल्या जुन्या टॅक्सीवाल्याला विचारत आली तर तिला समोर माझ्याकडे पाठवा, असं मी म्हटलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. मग विचारलं, "कवा येणार हायत त्या?"

"माहीत नाही."

"अन् आल्या तर काय सांगू?"

"सांगा, तुमची बाटली आहे. चालू हालतीत."