माझ्या नावाची थरथर

दादाला आता जवळजवळ ऐकूच येत नाही. समोरच्याचे ओठ वाचून तो बोलतो. परवा चहा घेताना आमचे दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन टेबलावर होते आणि कुणाचा बरा, यावर आमचा वाद रंगला. माझ्या फोनवर घड्याळ, हवामान, कॅलेंडर अशी विजेट्स हवी तिथे मांडता येतात. मी ती कौतुकानं दाखवली.

दादानं त्याचा फोन माझ्या तळहातावर ठेवला. "आता मला मेसेज कर."

मी केला. फोन दोनदा पटकन थरथरला, थांबला आणि मग एकदा बराच वेळ थरथरला.

"ही तू. प्रत्येकाची थरथर मी स्क्रीनवर बोटानं वाजवून ठरवलीय. लहानपणी तू दार असंच ठोठावायचीस."

ऐकणं गेल्यावरही यानं माणसं वेगवेगळी ओळखायची सोय केली होती. मी मात्र, कान शाबूत असून, त्याच्या रोजच्या 'सुप्रभात'ला कंटाळून त्याची नोटिफिकेशन्स केव्हाच बंद केली होती. त्याच्यासमोरच सेटिंग उघडून मी ती सुरू केली.

"काय करतेयस?"

मी खरं ते सांगितलं.

"ठाऊक होतं मला," तो हसून म्हणाला. "म्हणून काय पाठवायचं थांबवायचं?"