केशवरावांच्या कानातली एकतारी

गोवर्धन वलगावचा. घरची फुलशेती धाकट्या भावाकडे; हा गेली बारा वर्षे अमरावतीत कर्णयंत्रे बसवतो. यंत्र समजावताना तो शेतातलेच सांगतो. आलेला आवाज सोळा सऱ्यांत वाटला जातो. कानाची जी सरी कोरडी पडली असेल, तिकडे पाणी जास्त सोडायचे. मात्र समोरच्या माणसाने पुढचा शब्द उच्चारायच्या आत हे सगळे व्हावे लागते.

मोझरीजवळच्या खेड्यातले केशवराव तिसऱ्यांदा आले, सोबत पत्नी पार्बताबाई. उजवा कान पूर्ण गेलेला, डाव्यात यंत्र. गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पहिली ओळ तेच उचलत. आता सूर सुटत होता, आणि रविवारपासून त्यांच्या जागी मंडळातल्याच भगवंतला बसवायचे ठरत आले होते.

"तुमचं यंत्र एकतारी खाऊन राह्यलं, गोवर्धनभाऊ."

"माहं बोलनं आयकू येते ना? मंग काय बिघडलं?" पार्बताबाई म्हणाल्या.

"तुहं तं बिनायंत्राचंई आयकू येते."

गोवर्धनने बंद खोलीत चाचणी घेतली. तो 'मोर्शी' म्हणाला, केशवरावही 'मोर्शी' म्हणाले. वीसपैकी वीस शब्द बरोबर. आधी दोनदा त्याने एवढ्यावरच त्यांना परत पाठवले होते. या वेळी तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या सरावाला गेला.

देवळाच्या ओट्यावर एकतारी सुरू झाली. त्याने केशवरावांचे यंत्र तपासणीच्या नळीला जोडून स्वतः ऐकले. सूर आला, थरथरला आणि विरला. यंत्राने स्वतः शिटी मारू नये म्हणून आत एक पहारा असतो. लांबलेला सूर त्याला शिटीच वाटतो, आणि तो कापतो. बोलणे तसे लांबत नाही. बारा वर्षे तो पहारा गोवर्धनने सगळ्यांच्याच कानात चालू ठेवला होता.

त्याने यंत्रातली बोलण्यासाठीची मांडणी तशीच ठेवली आणि भजनासाठी दुसरी केली, पहारा नसलेली. बटण दाबले की बदलते. केशवरावांनी यंत्र परत कानात घातले आणि बटण दाबून सूर लावला. तो बरोबर लागला. मग सवयीने खंजिरी डाव्या हाताने खांद्यापाशी उचलली, आणि यंत्राने कर्कश शिटी मारली.

"काकाजी, आवाज आपटून परत यंत्रात शिरते. डाव्या कानाजवळ काईच नाई यायले पाह्यजे. हात बी नाई."

"मंग खंजिरी कशी वाजवू?"

"पहारा परत लावू? खंजिरी राहीन, एकतारी जाईन."

केशवरावांनी खंजिरी उजव्या हातात धरून पाहिली. ताल असा चुकला की मंडळी हसली. त्यांनी ती भगवंतपुढे ठेवली.

"घे. तू वाजव."

"म्हंजे मेहनत मले अन् मान तुमाले?"

"मंग लाव माह्यासारखा सूर."

भगवंतने खंजिरी घेतली. केशवरावांनी पहिली ओळ उचलली. त्यांचा रिकामा डावा हात दोनदा वर गेला, दोनदा शिटी वाजली. तिसऱ्या वेळी त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला आणि गात राहिले.