खणात गुंडाळलेला पेढा

हे अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. मैत्रिणीजवळ नाही, आईजवळ नाही, देवापुढे तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. समोर कुणी बसलं असतं, तर मी नेहमीसारखी गप्पच राहिले असते.

आमच्याकडे एक हॅमस्टर होता. उंदराएवढा, शेपूट असून नसल्यासारखं, आणि गालांत दाणे भरले की तोंड दुप्पट. माझी धाकटी बहीण वैशू त्याला पेढा म्हणायची. रंगच तसा होता, धारवाडी, वर साखर भुरभुरल्यासारखा. शेजारच्या शांतक्का आल्या की हसायच्या, "लोक उंदीर धरायला पिंजरा आणतात, तुम्ही पाळायला आणलाय की वो!"

पेढा वैशूचा. मी नुसती घरातली शिकलेली. औषधाच्या बाटलीवरचं असो, मोबाइलवरचं असो, इंग्रजी काही आलं की अप्पा म्हणायचे, "मोठीला विचारा." पेढ्याचं खाणंदुखणंही मोठीलाच विचारायचं. मी सांगितलं की विषय संपला.

कुठून सुरू करू? त्याच्या चाकाच्या आवाजापासून करते. माझी परीक्षा जवळ आली होती आणि ते चाक थांबत नव्हतं. एका रात्री मी पिंजरा मागच्या बाल्कनीत ठेवला. आत घ्यायचा राहिला. हुबळीत कसली आलीय थंडी, असं बाहेरचे म्हणतात — त्यांनी मार्गशीर्षात, पहाटे, आमच्या केशवापुरातल्या बाल्कनीचा गज धरून बघावा.

सकाळी बूट घालता घालता वैशूनं विचारलं, "अक्का, पेढा झोपलाय?"

"हो. उठवू नको."

पिंजरा बाहेरच आहे, हे मला त्याच क्षणी आठवलं होतं. पण हे खोटं लहान आहे. मी सांगायला बसलेय ते हे नाही.

शाळेची बस गेल्यावर पिंजरा आत आणला. तो कापसात गोळा होऊन पडला होता. हात लावला — फरशीसारखा गार.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. आई चौरंगावर लक्ष्मीचा घट मांडत होती, संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या. सोवळ्यात होती म्हणून ती दारातच थांबली. "गेला का गं? आजच्या दिवशी घरात नको ठेवायला." अप्पा दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान उघडायला निघालेले, तेही चप्पल काढून परत आत आले. "नीट बघ की. तुला कळतं."

मी त्याला तळहातावर घेतलं.

मला खरंच कळत होतं. त्याला आणला तेव्हाच मी सगळं वाचलं होतं. मेला की अंग कडक होतं, पाय वाकत नाहीत. आणि गारठला की हा जीव असा झोपतो, की मेलाय असंच वाटावं. श्वास इतका मंद चालतो की दिसतसुद्धा नाही. तेव्हा हाताची ऊब द्यायची आणि वाट बघायची.

मी त्याचा मागचा पाय वाकवला. वाकला. मान मऊ होती. आणि मग मिश्या हलल्या — एकदाच. पंखा बंद होता. वाराही नव्हता.

एक शब्द पुरला असता. थांबा, एवढाच. का नाही म्हणाले? पिंजरा बाहेर कुणी ठेवला, हे निघालं असतं म्हणून? तेही होतं. पण त्याहून खरं सांगू? माझ्या हातावर मेलेलंही नाही आणि जिवंतही नाही असं काहीतरी होतं, आणि माझी मान ताठ झाली होती भीतीनं. ते माझ्या हातावरून जावं, इतकंच मला हवं होतं.

"गेला," मी म्हणाले.

अप्पांनी खणाचा एक तुकडा काढला, बाळाला गुंडाळतात तसं त्याला गुंडाळलं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये त्यांनीच खड्डा केला, मूठभर मीठ घातलं, माती ओढली. "लक्ष्मीच्या दिवशी गेला," म्हणाले, "पुण्यवान जीव." त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

दुपारी चांगलं ऊन पडलं. मी कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. माती तापली असणार. ऊब लागली की ते जागे होतात — हेही मी वाचलं होतं. खुरपं तिथंच कुंडीत रोवलेलं होतं. मी उकरलं नाही. तो मेलेला दिसेल, ही भीती नव्हती हो. दुसरी होती.

संध्याकाळी वैशूनं रडून झाल्यावर विचारलं, "तुला कसं कळलं, मेला ते?"

"कडक झाला होता."

तिनं मान हलवली. अक्का म्हणाली म्हणजे झालं.

त्यानंतर मला झोपलेल्या माणसांची भीती बसली. अप्पा आडवे झाले की मी दारात उभी राहून त्यांची छाती वरखाली होतेय का बघते. अजून बघते.

मग, पुढं एका थंडीत, शांतक्का पदरात काहीतरी धरून धावत आल्या. आमचं बघून नातीनं हट्टानं आणवलेला हॅमस्टर. "नोडव्वा, बघ गं बाई, गेलं काय हे?" त्या दिवशी त्यांना हसू येत नव्हतं. तसाच गोळा. तसाच गार. मी पाय वाकवून बघितला, त्याला स्वेटरच्या आत धरलं आणि बसून राहिले. वैशू माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. बराच वेळ काही नाही. मग मिश्या. मग नाक. मग त्याच्या अंगभर अशी थरथर, की स्वेटर हलायला लागला.

"अय्यो, जीव आला की वो!" शांतक्का ओरडल्या. आईनं माझ्या हातावर साखर ठेवली.

वैशू माझ्याकडे बघत होती. "अक्का, आपला पेढा असाच नव्हता ना?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. असता तर कदाचित मी बोलले असते.

"नाही गं. तो कडक झाला होता."

या दुसऱ्या वेळी घट मांडलेला नव्हता. अप्पांना घाई नव्हती. माझ्या हातावर अर्धमेलं काही नव्हतं.

पेढा कडक नव्हता. त्याचा पाय माझ्या बोटावर वाकला होता.