चार ठोक्यांची शिट्टी

पडदा वर जाऊ द्या, पण जरा हळू. चुलीचा धूर अजून विरलेला नाही. ठिकाण नाशिकरोड, स्टेशनाजवळची सुलाबाईंची खानावळ. साल एकोणीसशे त्र्याहत्तर, वेळ सकाळची साडेदहाची. डावीकडे दोन चुली, उजवीकडे पिठाची परात, मागच्या भिंतीला एक दार आणि त्या दाराआडून येणारा गिटारचा आवाज. परातीपाशी एक काटक बाई बसली आहे. भाकरी थापते आहे, आणि गिटार जिथे चुकते तिथे तिचा हात थांबतो.

"झुंबऽर," भाकरी तव्यावर टाकत ती ओरडते, "काल ह्याच्यापरीस बरं वाजिवलं व्हतं!"

ही पुतळामावशी. नाव पुतळा, पण एका जागी स्वस्थ बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. मूळची चांदवडकडच्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर भावाकडे आली, पुढे भाऊही गेला, आणि ती व भावजय सुलाबाई मिळून खानावळ चालवू लागल्या. स्टेशनातले हमाल, छापखान्यातले कामगार, असे तीसेक लोक रोज जेवायला असत.

दाराआडच्या खोलीत तालीम करत आम्ही होतो. आमचं नाव 'गोदा बीट्स'. झुंबर गिटार वाजवत गायचा, बारकू ड्रमवर, आणखी दोघे ॲकॉर्डियन आणि कोंगोवर. मी, सावळीराम, निवेदक. म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये माइकवर बोलायचं, नकला करायच्या, आणि गिटारची तार तुटली तर नवी लागेपर्यंत लोकांना जागेवर धरून ठेवायचं. कोंबड्यापासून इंजिनापर्यंत सगळ्यांचे आवाज मला काढता येत.

आम्ही फार मोठे नव्हतो. पण ज्यांचे होतो त्यांचे पुरते होतो. इगतपुरीचे रेल्वेवाले ड्यूटी बदलून यायचे. मालेगावचे चार विणकर ट्रकच्या टपावर बसून यायचे आणि कार्यक्रमभर उभे राहायचे, कारण बसलं की पाय हलवता येत नाहीत. या सगळ्यांना आमचं एक गाणं हवं असे: 'फाटक'. गोष्ट एवढीशी. रेल्वेचं फाटक पडतं, तो अलीकडे आणि ती पलीकडे. बारकूचा ड्रम गाडीसारखा धावत यायचा, झुंबर म्हणायचा, "फाटक पडलं गं, उभी ऱ्हा तिथंच," आणि सगळी वाद्यं एकदम गप्प. चार ठोके नुसती शांतता. मग पुन्हा धडधड.

हे गाणं पहिल्यांदा केलं त्या वर्षीच्या नवरात्रात. मंडळाच्या मैदानावर, दिवेलागणीला. झुंबरने फाटक पाडलं, वाद्यं थांबली. एक ठोका गेला, दुसरा गेला, आणि दोरीपलीकडच्या बायकांच्या बाजूने शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, बाजरीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं उडवणाऱ्याची शिट्टी! ती बरोबर चौथ्या ठोक्याला संपली. बारकू दचकला आणि दचकून जो सुटला तो नेमका वेळेवर. लोकांना वाटलं, गाडीची शिट्टी गाण्यातच बसवलेली आहे. मैदान डोक्यावर घेतलं त्यांनी.

कार्यक्रम संपल्यावर मावशी भीत भीत मागे आली.

"मावशी, तुला सुचलं कसं गं हे?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात? मला वाटलं लाईट गेली. टॉकीजमधी रीळ तुटलं की मारत्यात ना, तशी मारली."

"अगं, पण दिवे चालू होते सगळे!"

"मला काय ठावं? मी डोळं मिटून ऐकत व्हते."

त्या दिवसापासून त्या चार ठोक्यांची जागा तिची झाली. जवळपासचा आमचा एकही कार्यक्रम तिने चुकवला नाही. बाईमाणसाने शिट्टी मारावी हे काहींना रुचलं नाही. एका काळ्या टोपीवाल्या गृहस्थांनी खानावळीत येऊन सुलाबाईंकडे तक्रार केली. सुलाबाईंनी त्यांना आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "आमच्या वन्सं घरातबी शिट्टीच मारत्यात. मी बारा वर्षं ऐकतीये. तुमाला एका दिवसात काय झालं?" पण गृहस्थ गेल्यावर त्यांनी नणंदेला सोडलं नाही. "वन्सं, शिट्टीनं भाकरी फुगत नाय हां. तवा बघा!"

शहात्तर साली झुंबर मस्कतला नोकरीला गेला. बारकू एस.टी.च्या कारखान्यात लागला, मी हौशी नाटकांत म्हाताऱ्याची कामं करू लागलो. गोदा बीट्स संपलं. भांडण नाही, निरोप समारंभ नाही. ड्रमवर चादर टाकली आणि दार लावून घेतलं.

ती खोली सुलाबाईंना कांदे साठवायला हवी होती. मावशीने कांद्याची एक पाटी आत जाऊ दिली नाही. "ड्रमाला वास लागंल," म्हणे. दर अमावास्येला खोली झाडायची, ड्रमवरची चादर झटकायची. सुलाबाई म्हणायच्या, "वन्सं, तो ड्रम हाय, देव न्हवं."

"देवाला रोज झाडते. ह्याला म्हयन्यातून एकदा," मावशी म्हणायची.

सात वर्षं अशी गेली. त्र्याऐंशी साली झुंबर परत आला, केस विरळ झालेला, पण गळा शाबूत. एका रविवारी तो, बारकू आणि मी भेटलो, आणि चहा संपायच्या आत ठरलं: बाकीच्या दोघांनाही बोलवायचं आणि पुन्हा निघायचं. पहिला कार्यक्रम नाशिकरोडला, शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी साडेपाचला. मग चांदवड, मालेगाव, इगतपुरी. बातमी आमच्याआधी पोचली. पोस्टकार्डं येऊ लागली. मालेगावच्या विणकरांनी चौघांच्या सह्या करून लिहिलं: "मावशीची शिट्टी असेल तरच येऊ."

इथे मी चूक केली. अंगात आलेल्या उत्साहाने मी रिक्षावर भोंगा बांधला, स्वतः आत बसलो आणि गल्लोगल्ली ओरडत सुटलो: "ऐका हो ऐका! गोदा बीट्स पुन्हा रंगमंचावर! तेच 'फाटक', मूळ शिट्टीसह!" देवळाली गावापर्यंत जाऊन आलो, आणि मग सुचलं की मावशीला विचारायचंच राहिलं आहे.

खानावळीत गेलो तर ती पदर तोंडावर धरून बसलेली. मला पाहून डोळे हसले, पण पदर हलला नाही.

"मावशी, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीये तुझी. आता दोरी-बिरी नाही."

तिने मान हलवली. नाही.

"का गं? रागावलीस?"

उत्तर चुलीकडून आलं. "दात गेले त्यांचे," सुलाबाई म्हणाल्या. "पायरिया झाला, समदे काढले. कवळी हाय, पण शिट्टी निघत नाय. मागच्या अंगणात जाऊन रोज फुंकत्यात. नुसती हवा. आन तू मेल्या, गावभर दवंडी पिटून आलास!"

मावशीने पदर खाली घेतला. कवळीने चेहरा थोडा परका दिसत होता. "सावळ्या," ती म्हणाली, "लोक माझ्या शिट्टीसाठी येनार. आन ती मला नाय येत. मी तिथं बसून काय तोंड दावू?"

त्याच संध्याकाळी आम्ही तिघे तिच्यापुढे बसलो. बारकूने गार्डाची पत्र्याची शिट्टी आणली होती. मावशीने ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. "ही गाडीची हाय. माझी न्हवं."

झुंबर म्हणाला, "मग 'फाटक' नको करूया आपण."

"गानं गाळलंस तर माझ्या चुलीपाशी येऊ नगंस."

तेव्हा मी तोडगा काढला. मी नकलाकार. मी पडद्याआडून माइकवर तिची हुबेहूब शिट्टी मारीन, तिने पहिल्या रांगेत नुसती बोटं तोंडात घालायची. कोणाला पत्ता लागणार नाही. तिथेच मारून दाखवली. बारकूने मान डोलावली.

"लय गुळगुळीत हाय," मावशी म्हणाली. "एक पाखरू उडायचं नाय." पण नाही म्हणाली नाही. येते म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगण भरलं होतं. इगतपुरीवाले पॅसेंजरने आले, विणकर आले, आता त्यांच्या बायकाही होत्या. झुंबरने गिटारवर पहिला हात मारला आणि मागच्या रांगेतला एक पोक्त हमाल डोळे पुसताना मी पाहिला. एकामागून एक गाणी झाली. शेवटी 'फाटक'. नाव पुकारताच सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मावशी जांभळं लुगडं नेसून बसली होती, शेजारी सुलाबाई.

ड्रम धावत आला. "फाटक पडलं गं, उभी ऱ्हा तिथंच." आणि शांतता.

मी पडद्याआड, ओठांपाशी माइक, जीभ टाळूला लावून तयार. पहिला ठोका. मावशीचे हात वर गेले. दुसरा. बोटं ओठांपर्यंत आली. तिसरा. आता मी सुरू करायचं होतं. पण तिने डोळे मिटले नव्हते. ती सरळ पडद्याकडे, मी होतो तिकडे पाहत होती. बोटं तिने खाली घेतली.

माझी शिट्टी तोंडातच राहिली. चौथा ठोका गेला, पाचवा गेला. झुंबरचा हात तारांवर तसाच, बारकूच्या काठ्या हवेत. हजारभर माणसं, आणि खोकल्याचा आवाज नाही.

मावशी उठून उभी राहिली. लोकांकडे वळली, कवळी काढून पदरात धरली, आणि रिकामं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं.

"दात गेले रं माझे!" ती ओरडली. "शिट्टी नाय निघत आता! बारक्या, काय बघत बसला? हान की!"

बारकूने हाणला. पटांगण असं हसलं, असं नाचलं, की झुंबरचं पुढचं कडवं कोणालाच ऐकू आलं नाही. विणकर खुर्च्यांवर चढले. सुलाबाई नणंदेचा दंड धरून हसत होत्या आणि रडतही होत्या. मी पडद्याआडून बाहेर आलो. हातातला माइक खाली ठेवला आणि लोकांबरोबर टाळ्या पिटू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चांदवडला निघालो. टेम्पो खानावळीसमोर उभा होता, ड्रम वर चढत होता. मावशीने भाकऱ्यांचं गाठोडं आणून दिलं. त्यानंतर आमचा दौरा लांबला, पुढच्या पावसाळ्यात ती गेली, आणि ही भेट शेवटची ठरली. पण त्या सकाळी तसं काही वाटत नव्हतं. ती कवळी घालून बारकूला शिव्या देत होती.

"मावशी," मी म्हणालो, "काल मला का नाही मारू दिलीस?"

"मी बोटं तोंडात घातली आन मला माझंच हसू आलं. सिनेमातल्या बाया करत्यात तसं. तोंड एकीचं, आन गळा दुसरीचा."

झुंबर गिटारची पेटी बांधत होता. तो म्हणाला, "मी आणि बारकूने रात्री ठरवलं गं. आता ते चार ठोके रिकामे ठेवायचे नाहीत. तिथे गिटारचा तुकडा टाकू. तुझ्याशिवाय ती जागा बघवत नाही."

मावशीने गाठोड्याची गाठ आवळली, माझ्या हातात दिलं आणि त्याच्याकडे वळली.

"जागा भरू नगंस, झुंबर. चांदवडात एवढी पाखरं राखनारी मान्सं हायेत, कोनाच्या तरी तोंडात दात असतीलच की!"